मला न सांगता काही बदलू नये

माझ्या टिपणांच्या फोल्डरमध्ये ‘बाबा’ नावाची एक फाइल आहे. बाबांनी तरुणपणी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्याचं काम केलं. त्या दिवसांबद्दल ते बोलायला लागले की मी नुसतं ऐकायचे आणि रात्री बसून आठवेल तसं टाइप करून ठेवायचे. अशा अकरा संध्याकाळी त्या एका फाइलीत होत्या. एके दिवशी फाइल उघडली, तर ती सातव्या संध्याकाळपाशीच संपत होती.

फाइल हरवली असती तर मला लगेच कळलं असतं. पण ती जागेवर होती, नाव तेच होतं, उघडतही होती. फक्त आतून कमी झाली होती. नंतर तारखा जुळवून पाहिल्यावर उलगडा झाला. माझ्या फोनवर त्या फाइलीची जुनी प्रत पडून होती. नेटवर्क नसताना मी फोनवरच तिच्या शेवटी एक ओळ लिहिली. नेटवर्क आल्यावर, सगळ्या यंत्रांवर फाइली सारख्या ठेवणाऱ्या सिंक सेवेने पाहिलं की फोनवरची फाइल सगळ्यात अलीकडे बदललेली आहे, म्हणजे तीच खरी. मग तिने ती प्रत दोन्ही लॅपटॉपवर प्रामाणिकपणे पोहोचवली. जुन्या आवृत्त्या ती सेवा काही दिवस ठेवते, पण माझ्या लक्षात येईपर्यंत ते दिवस उलटून गेले होते. चार संध्याकाळी गेल्या त्या गेल्याच.

तोवर मी सिंक आणि बॅकअप एकच समजत होते. तीन ठिकाणी प्रत आहे, मग आणखी काय हवं, असं वाटायचं. पण त्या तिन्ही प्रती एकमेकींच्या सावल्या होत्या. एकीत खाडाखोड झाली की तिघींत होणार. त्या रात्री मला काय हवं आहे ते मी पहिल्यांदा स्वतःशी नीट शब्दांत मांडलं. माझ्या लिखाणातलं काहीही मला न सांगता बदलू नये, आणि बदललं तर आधी काय होतं ते मागता आलं पाहिजे.

हे मी माझ्या एका प्रोग्रामर मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, “अगं, मग गिट वापर ना.”

“ते कोडसाठी असतं ना?”

“त्याला कुठे कळतंय कोड आहे की पत्र आहे. त्याला फक्त ओळी कळतात.”

गिट म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. ते कुठून आलं ते वाचल्यावर माझा विश्वास आणखी वाढला. लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, काम करणारी माणसं जगभर विखुरलेली. ती २००२पासून बिटकीपर नावाचं साधन वापरत होती. २००५मध्ये त्याचा मोफत वापर बंद झाला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी एप्रिल महिन्यात स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं. त्या गरजेतून आलेल्या दोन गोष्टी मला नेमक्या हव्या होत्या. एक, ज्याच्याकडे रेपो, म्हणजे गिटने सांभाळलेला फोल्डर, आहे त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण इतिहास असतो. मुख्य प्रत आणि दुय्यम प्रत असा भेद मुळात नाही. दुसरी, गिट प्रत्येक मजकुराला त्याच्या बाइटवरून काढलेलं ४० अक्षरी नाव देतं. मजकुरात एक मात्रा बदलली तरी ते नाव बदलतं. प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या टप्प्यात, आधीच्या कमिटचं नाव लिहिलेलं असतं. त्यामुळे मधलं काही गुपचूप बदललं तर साखळीतलं पुढचं एकही नाव जुळत नाही. न सांगता बदलणं त्याच्या रचनेतच बसत नाही.

सुरुवात सोपी होती. माझी टिपणं साधी मजकुराच्या फाइली, मार्कडाउन या साध्या खुणांच्या पद्धतीत, साधारण १४०० असतील. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या फोल्डरवर जाऊन ‘गिट इनिट’, मग ‘गिट अ‍ॅड’, मग ‘गिट कमिट’. पाच मिनिटांत पहिला कमिट झाला. तो होण्याआधी ‘गिट स्टेटस’ चालवून पाहिलं होतं, तेव्हा मात्र दचकले. माझ्या फाइलींची नावं मराठीत आहेत आणि पडद्यावर ‘बाबा’च्या जागी हे दिसत होतं: \३४०\२४४\२५४\३४०\२४४\२७६, आणि तेच पुन्हा एकदा. सगळी यादी अशीच. मला वाटलं, नावं बिघडली. तसं काही नव्हतं. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटची असते, आणि इंग्रजीबाहेरच्या बाइट गिट मुळात अशा आकड्यांत दाखवतं. ‘३४०\२४४\२५४’ म्हणजे ब आणि ‘३४०\२४४\२७६’ म्हणजे काना. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग बंद केली की नावं मराठीत दिसतात. मराठी नावांच्या फाइली ठेवणाऱ्याने हे सगळ्यात आधी करून टाकावं, नाहीतर पहिल्याच दिवशी धीर सुटतो.

मग प्रत बाहेर ठेवणं आलं. गिटहब या रेपो ठेवण्याच्या संकेतस्थळावर खाजगी रेपो २०१९च्या जानेवारीपासून फुकट करता येतो, तो केला. तिथे गिटसाठी पासवर्ड चालत नाही, २०२१च्या ऑगस्टपासून टोकन किंवा एसएसएच की, म्हणजे ओळख पटवणारी डिजिटल किल्ली, लागते. मी एसएसएच की केली, प्रत्येक यंत्राची वेगळी. म्हणजे फोन हरवला तर फक्त फोनची की काढून टाकता येते. शिवाय एका पेन ड्राइव्हवर ‘बेअर’ रेपो केला, म्हणजे आत उघड्या फाइली नाहीत, फक्त इतिहास. तो दुसरा रिमोट, म्हणजे बाहेरची प्रत, म्हणून जोडला. दर रविवारी ड्राइव्ह लावते, पुश करते, म्हणजे नवे कमिट तिकडे पाठवते, काढून कपाटात ठेवते. जो ड्राइव्ह यंत्राला जोडलेलाच नाही, तो यंत्रातली चूक उचलूही शकत नाही.

दुसऱ्या लॅपटॉपवर क्लोन, म्हणजे रेपोची पूर्ण प्रत, केल्यावर दोन गोष्टी झाल्या. पहिली ओळीच्या शेवटाची. माझा एक लॅपटॉप विंडोजचा आणि एक लिनक्सचा. विंडोजवरचा एडिटर ओळ संपवताना दोन अदृश्य चिन्हं टाकतो, लिनक्सवर एकच असतं. परिणाम असा की मी एक शब्द बदलला आणि गिट म्हणालं, फाइलीतली प्रत्येक ओळ बदलली. ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइलीत सगळ्या मजकुराला एकच पद्धत लावणारी एक ओळ टाकली आणि ते मिटलं.

दुसरी गोष्ट जास्त लागली. सगळ्या टिपणांची तारीख ‘आज’ झाली. गिट फाइलीची बदलल्याची वेळ जपत नाही. क्लोन केलं की फाइली ज्या क्षणी लिहिल्या गेल्या, तीच त्यांची वेळ. मी वर्षानुवर्षं टिपणं तारखेच्या क्रमाने लावून पाहत आले होते. ‘साधारण त्या पावसाळ्यात लिहिलं होतं’ अशा आठवणीवर फाइल सापडायची. मूळ लॅपटॉपवर जुन्या तारखा अजून होत्या, म्हणून वाचले. एक लहानशी स्क्रिप्ट लिहून घेतली आणि प्रत्येक फाइलीच्या पहिल्या ओळीत तिची तारीख मजकूर म्हणून उतरवून घेतली. आता वाटतं ते तसंच असायला हवं होतं. तारीख ही टिपणाचाच भाग आहे, ती फाइलीच्या वेष्टणावर कशाला ठेवायची.

लिनक्सच्या लॅपटॉपआधीच मी फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप घेतलं होतं आणि त्यात गिट. तिथे क्लोन मध्येच अडकला: फाइलीचं नाव फार लांब. मला टिपणाच्या पहिल्या वाक्यालाच फाइलीचं नाव देण्याची सवय होती. विंडोज अक्षरं मोजतं, तिथे ते खपत होतं. लिनक्स आणि अँड्रॉइड बाइट मोजतात आणि मर्यादा २५५ बाइटची. इंग्रजीत तेवढ्यात अडीच ओळी बसतील. मराठीत एकेका चिन्हाला तीन बाइट, म्हणजे काना-मात्रा-अनुस्वार धरून ८५ चिन्हं, की संपलं. सतरा नावं आखूड करावी लागली. त्यानंतर ‘मालकी संशयास्पद’ असा एक इशारा आला. फोनच्या सामायिक स्टोरेजमधल्या फोल्डरचा मालक वेगळा दिसतो, आणि २०२२च्या एप्रिलमधल्या सुरक्षा दुरुस्तीपासून गिट अशा फोल्डरला हात लावत नाही. तो फोल्डर सुरक्षित आहे असं सेटिंगमध्ये एकदा सांगावं लागतं.

हे सगळं बसल्यावर ज्याची वाट पाहत होते तो प्रसंग आला. लॅपटॉपवर एक टिपण बदललं, पुश केलं. फोनवर तेच टिपण, जुन्या प्रतीवरच, बदललं आणि पुश केलं. म्हणजे बाबांची फाइल गेली होती, हुबेहूब तीच परिस्थिती. गिटने फोनचा पुश नाकारला. लाल अक्षरांत ‘रिजेक्टेड’. तिकडे तुझ्याकडे नसलेलं काहीतरी आहे, आधी ते घे, मग बोल. लोक या नाकारण्याला वैतागतात. मला मात्र त्या लाल ओळीकडे पाहून हायसं वाटलं.

पुल केल्यावर, म्हणजे तिकडचे बदल इकडे घेतल्यावर, कॉन्फ्लिक्ट आला. एकाच ओळीत दोन्हीकडे बदल झाला होता, म्हणून फाइलीत त्या जागी दोन्ही मजकूर एकाखाली एक ठेवले होते. वर सात कंसांची ओळ, मध्ये सात बरोबरच्या चिन्हांची, खाली पुन्हा सात कंसांची. त्यातलं हवं ते ठेवायचं, खुणा पुसायच्या आणि कमिट करायचं. एक गोष्ट इथे सांगून ठेवते, कारण तिने मला बराच वेळ फिरवलं. पुल करताना रीबेस, म्हणजे आपले बदल तिकडच्या बदलांवर नव्याने रचणं, वापरला तर वरचा भाग सर्व्हरकडून आलेला असतो आणि स्वतःचा खाली. साध्या मर्जमध्ये, म्हणजे दोन्ही एकत्र करताना, याच्या उलट. ‘माझं’ आणि ‘त्यांचं’ या शब्दांवर विसंबू नये, मजकूर वाचून ठरवावं.

रोजनिशीसाठी मात्र मी वेगळी सोय केली आहे. तिच्यात फक्त शेवटी भर पडते, कधी फोनवरून, कधी लॅपटॉपवरून. त्या फाइलींना ‘मर्ज युनियन’ लावलं, म्हणजे कॉन्फ्लिक्ट न येता दोन्हीकडच्या ओळी ठेवल्या जातात. क्रम कधीकधी मागेपुढे होतो, ते चालतं. बाकी टिपणांना ही सोय मी मुद्दाम दिलेली नाही. तिथे मला थांबवलेलंच बरं.

माझ्या लिहिण्याच्या सवयीतही एक बदल करावा लागला. मी परिच्छेदच्या परिच्छेद एका ओळीत लिहायचे, एंटर फक्त शेवटी. गिटला कळतात ओळी. दहा वाक्यांच्या परिच्छेदात एक शब्द बदलला की डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक दाखवणाऱ्या यादीत, अख्खा परिच्छेद लाल आणि तोच अख्खा पुन्हा हिरवा. बदललं काय ते डोळ्यांनी शोधत बसायचं. ‘वर्ड डिफ’ वापरलं तर शब्दागणिक फरक दिसतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटलेले असल्याने ‘घरात’चं ‘घरातून’ झालं तर पूर्ण शब्द वेगळा दाखवतो, आणि वाचायला तेच बरं पडतं. तरी आता मी एका ओळीत एकच वाक्य लिहिते. मार्कडाउन दाखवताना त्या ओळी जोडून परिच्छेदच करतं, त्यामुळे वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही. लिहिणाऱ्याला पडतो. वाक्य किती लांबलं ते तिथल्या तिथे दिसतं.

याच डिफने मला एक असा फरक दाखवला, जो डोळ्यांना दिसतच नव्हता. एका टिपणात ‘दुसऱ्या’ हा शब्द मी फोनवर पुन्हा टाइप केला होता. डिफमध्ये लाल ओळ आणि हिरवी ओळ अक्षरशः सारखी. मी दोन्ही मोठ्या करून पाहिल्या, एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. काहीच वेगळं नाही. गिट चुकतंय असं मानायला मन तयार होत नव्हतं, म्हणून त्या शब्दाच्या बाइट काढून पाहिल्या. लॅपटॉपच्या कीबोर्डने तो अर्धा ‘ऱ’ लिहिला होता नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, अशा दोन चिन्हांनी: सहा बाइट. फोनच्या कीबोर्डने साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह, अशी तीन चिन्हं टाकली होती: नऊ बाइट. पडद्यावर दोन्ही एकसारखे, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. किती वर्षं मी टिपणांत शोध घेते आणि मला पक्कं आठवत असलेली टिपणं सापडत नाहीत! ‘सोमवारच्या’ सापडतं, ‘दुसऱ्या’ अर्धंच सापडतं. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘करणाऱ्या’, सगळ्यांची तीच गत. त्या शब्दांची टिपणं गहाळ झालेली नव्हती, फक्त त्यांचं स्पेलिंग आतून निराळं होतं. मी एक दिवस काढला, सगळ्या फाइलींत नऊ बाइटवाला प्रकार काढून सहा बाइटवाला केला आणि तेवढ्याच बदलाचा स्वतंत्र कमिट केला. संदेश लिहिला: ‘अर्धा र एकसारखा केला’. ४१२ फाइली बदलल्या. शोध घेतला तर विस्मरणात गेलेली टिपणं वर आली. बाबांना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं. म्हणाले, “आमच्याकडे असा प्रश्नच यायचा नाही. त्याला खिळ्यांच्या केसमध्ये एकच खण. खिळा उचलला की तोच.”

पुढची चूक माझी आहे आणि ती सविस्तर सांगायला हवी, कारण गिट वापरणारे बरेच जण इथेच येऊन पोहोचतात.

रोज हाताने कमिट करायचा कंटाळा येऊ लागला, म्हणून मी एक स्क्रिप्ट लावली. दर तासाला सगळं अ‍ॅड, कमिट, पुल, पुश. कमिटचा संदेश म्हणजे नुसती तारीख-वेळ. तीन यंत्रं सुरेख जुळून राहायला लागली. तीन आठवड्यांनी एका आजारपणाच्या नोंदींचं टिपण उघडलं, तर त्यात ‘क’ एवढं एकच अक्षर. फोनवर कधीतरी सगळं सिलेक्ट झालं असणार आणि बोट लागलं असणार. स्क्रिप्टने तो बदल नेकीने उचलला, कमिट केला, सगळीकडे पोहोचवला.

यावेळी परत मिळवायला एक मिनिट पुरलं. त्या फाइलीचा लॉग, म्हणजे कमिटांची यादी, पाहिला, कुठल्या कमिटमध्ये १८६ ओळी वजा झाल्या ते सापडलं, त्याच्या आधीच्या कमिटमधून ‘गिट रिस्टोअर’ने फाइल परत घेतली. शब्दनशब्द जागेवर. पण मी सुटकेचा श्वास टाकू शकले नाही. तीन आठवडे मला पत्ता नव्हता. ती फाइल मी वर्षभर उघडली नसती तर वर्षभर नसता. गिटला ठाऊक होतं. त्याने ते लिहूनही ठेवलं होतं, आणि ते वाचायचं काम मी घड्याळावर सोपवलं होतं. जी गोष्ट मला नको होती तीच मी माझ्या हाताने पुन्हा बांधली होती.

बाबांच्या फाइलीत, वाचलेल्या भागात, प्रुफांविषयी त्यांचं एक वाक्य आहे. प्रूफ तपासताना मूळ प्रत शेजारी लागतेच, असं ते म्हणाले होते. चुकलेलं अक्षर नुसतं प्रूफ वाचूनही सापडतं, पण सुटलेली ओळ सापडत नाही. कारण मागचं-पुढचं वाक्य नीट लागतं आणि वाचणारा पुढे जातो. मी ते उतरवून घेतलं होतं, तेव्हा मला ती छापखान्यातली माहिती वाटली होती.

स्क्रिप्ट बदलली. आता ती तासाला चालते, पण कमिट करण्याआधी प्रत्येक फाइलीत किती ओळी आल्या आणि किती गेल्या ते आकडे पाहते. गिट ते ‘नमस्टॅट’ या पर्यायाने दोन रकान्यांत देतं. एखाद्या फाइलीतून वीसपेक्षा जास्त ओळी गेल्या असतील तर स्क्रिप्ट काहीही न करता थांबते आणि मला सूचना पाठवते. भर पडली तर बिनदिक्कत जाऊ दे, कमी झालं तर विचार. फोनवर तर आपोआप काहीच होत नाही. आणि रात्री झोपण्याआधी दिवसाभराचा डिफ मी एकदा वाचते. पाच मिनिटं लागतात. मनापासून सांगते, दिवसातलं हे माझं सगळ्यात आवडतं वाचन झालं आहे. सकाळी लिहिलेलं वाक्य दुपारी का बदललं असेल, हे रात्री शांतपणे कळतं.

संदेशही आता मी हाताने लिहिते, निदान महत्त्वाच्या बदलांना. ‘डॉक्टर बदलले, जुन्या गोळ्या बंद’ असा संदेश वर्षभराने लॉगमध्ये शोधता येतो. नुसती वेळ लिहिलेला कमिट शोधता येत नाही. तरीही एखादा शब्द कधी आला आणि कधी गेला हे काढायचं असेल तर लॉगला मोठ्या ‘एस’चा पर्याय आहे. तो शब्द जिथे वाढला किंवा कमी झाला तेवढेच कमिट दाखवतो. मी पुसून टाकलेला एक पत्ता असाच काढला.

पुसलेलं सापडतं, ही गोष्ट उलटूही शकते. एका टिपणात मी एक पासवर्ड लिहून ठेवला होता. लक्षात आल्यावर ओळ काढली, कमिट केला, निश्चिंत झाले. मैत्रिणीने विचारलं, “आणि आधीच्या कमिटमध्ये?” तिथे तो होताच, खाजगी रेपोत का होईना, तीन यंत्रांवर आणि एका सर्व्हरवर. आधी पासवर्ड बदलला. ते सगळ्यात पहिलं करायचं. मग ‘फिल्टर रेपो’ नावाच्या साधनाने इतिहासच नव्याने लिहून घेतला आणि सगळीकडे पुन्हा क्लोन केलं. ते काम फार किचकट आहे आणि पुन्हा करायची माझी इच्छा नाही. गुप्त गोष्टी आता पासवर्ड मॅनेजरमध्ये. बाबांच्या आवाजाची रेकॉर्डिंगंही गिटमध्ये नाहीत. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही, आणि आवाजाच्या फाइलीत ओळी नसतात, त्यामुळे गिटचं खरं बळ तिथे वायाच जातं. त्या दोन वेगळ्या डिस्कवर असतात.

वर्षातून दोनदा मी पेन ड्राइव्हवरून एका रिकाम्या फोल्डरमध्ये सगळं परत उतरवून पाहते. फाइली मोजते, ‘गिट एफएससीके’ चालवून साखळी धड आहे का ते तपासते, चार टिपणं उघडून वाचते. पहिल्या खेपेला काही फोल्डर आलेच नव्हते. ते रिकामे होते, आणि गिट रिकामा फोल्डर ठेवत नाही. त्यात जाण्यासारखं काही नव्हतं, पण घाबरायला झालं होतं खरं.

गेलेल्या चार संध्याकाळींबद्दल मी बाबांना पुन्हा विचारलं. ते पुन्हा बोलले. तेच प्रसंग, पण तसेच नाहीत. काही नवी माणसं आली, काही गळली. पहिलं सांगणं माझ्याजवळ नसल्याने ताडून पाहता येत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. यावेळी प्रत्येक संध्याकाळीनंतर कमिट केला. जुळवून तयार असलेला एक अख्खा फर्मा छपाईला नेताना पडला, तो प्रसंग मी त्यांनी सांगितला तसा लिहिला होता: एका सोबत्याच्या हातून तो सुटला. दोन महिन्यांनी बाबा जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, “ते तसं राहू देऊ नकोस. माझ्याच हातून सुटला होता.”

मी तिथेच लॅपटॉप उघडून ती ओळ बदलली आणि डिफ काढून पडदा त्यांच्याकडे वळवला. वर लाल ओळ, वजाच्या खुणेसह: ‘सोबत्याच्या हातून फर्मा सुटला आणि खिळे जमीनीवर विखुरले.’ खाली हिरवी, अधिकच्या खुणेसह: ‘माझ्या हातून फर्मा सुटला आणि खिळे जमीनीवर विखुरले.’ त्यांनी चष्मा लावला. आधी लाल ओळ वाचली, मग हिरवी, मग पुन्हा लाल, बोट पडद्यावरून सरकवत.

“आधीचं पुसलं जात नाही ना?”

“नाही बाबा. दोन्ही राहतं.”

त्यांनी मान हलवली. बोट मात्र हिरव्या ओळीवरून उचललं नव्हतं. “‘जमिनीवर’मधला मि ऱ्हस्व पाहिजे,” ते म्हणाले. “दोन्हीकडे दीर्घ काढलायस.”

मी वेलांटी बदलली आणि कमिट केला.